बुडविलेली, जाळलेली आणि तपासलेली कर्जखते : मराठी साहित्यातील ऋणविमोचनाच्या प्रतिमांचा चिकित्सक विचार

१. प्रास्ताविक

कर्ज हा मराठी ग्रामीण साहित्याचा केवळ एक विषय नाही. तो त्या साहित्याचा जवळजवळ स्थायीभावच आहे. सावकार, गहाण पडलेले शेत, सोसायटीची थकबाकी, जप्तीची नोटीस आणि अखेरीस गळफास ही चित्रमालिका वाचकाच्या परिचयाची आहे. या साहित्याची समीक्षाही विपुल प्रमाणात झाली आहे. तथापि या समीक्षेचा भर प्रामुख्याने कर्ज कसे होते, कर्जदाराची पिळवणूक कशी होते आणि त्याचा अंत कसा होतो या तीन प्रश्नांवर राहिला. चौथा एक प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. ज्याला कर्ज फेडणे खरोखरच अशक्य झाले आहे, त्याने समाजाकडे, राज्यसंस्थेकडे वा न्यायसंस्थेकडे रीतसर सुटका मागावी, ही कल्पना आपल्या साहित्याने कशी पाहिली? की ती पाहिलीच नाही?

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मराठीतील समग्र कर्जविषयक साहित्याचा आढावा घेण्याचा येथे दावा नाही. काही निवडक प्रतिमा आणि कृती समोर ठेवून असे सुचवावयाचे आहे की, मराठी मनात ऋणविमोचनाच्या दोन प्रतिमा ठसठशीत आहेत : कर्जखत बुडविणे आणि कर्जखत जाळणे. तिसरी प्रतिमा, म्हणजे कर्जखत तपासणे, ही इतिहासात घडली. कायद्यात नोंदली गेली. परंतु साहित्याच्या कल्पनाविश्वात ती रुजली नाही. या अनुपस्थितीची किंमत केवळ वाङ्मयीन नाही, हे या निबंधाचे प्रतिपाद्य होय.

२. 'फेडणे' या क्रियापदाचा भार

आरंभी भाषेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो आणि उपकारही फेडतो. देव, जन्मदाते, उपकारकर्ते आणि सावकार या चौघांकरिता भाषेने एकच क्रियापद राखून ठेवले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या संकल्पनांनी मनुष्य जन्मतःच ऋणको ठरतो. अशा भाषेत 'मी फेडू शकत नाही' हे विधान आर्थिक स्थितीचे वर्णन राहत नाही. ते नैतिक अपयशाची कबुली बनते. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे तर धर्मकर्तव्यच मानले गेले. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती अधिनियमाने, त्यानंतरच्या कर्जांपुरते, केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध कारवाई करण्याचा धनकोचा हक्क न्यायालयाने मान्य करू नये, असे स्पष्ट केले. या दुरुस्तीची चर्चा मुलींच्या वारसाहक्कापुरती सर्वत्र झाली, आणि ती योग्यच होती. परंतु पुत्राच्या खांद्यावरून एक शतकानुशतकांचे ओझे त्याच कलमाने उतरविले, याकडे ना समाजाचे लक्ष गेले ना साहित्याचे.

'दिवाळे' या शब्दाची कथा याहून निराळी आहे. व्यवहार बुडालेला व्यापारी भरदिवसा आपल्या पेढीवर दिवा लावून आपली असमर्थता जाहीर करी, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. ती व्युत्पत्ती लोकप्रचलित असली तरी सूचक आहे. व्यापाऱ्यापाशी आपले अपयश चारचौघांत प्रकट करण्याचा एक विधी होता. शेतकऱ्यापाशी असा कोणताही विधी नव्हता. त्याच्या घरात तर दिवा लावण्यासाठी तेल नसल्याचेच वर्णन आपण वाचत आलो आहोत.

३. बुडविलेली कर्जखते

मराठी मनातील ऋणविमोचनाची सर्वांत उदात्त प्रतिमा संत तुकारामांच्या चरित्रातून येते. महाजनकी असलेल्या घरात जन्मलेले तुकाराम दुष्काळात स्वतः व्यवहारात बुडाले. पुढे घरातील कर्जखतांपैकी निम्मी त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात बुडविली, अशी कथा महिपतींच्या चरित्रपरंपरेतून घरोघरी पोहोचली.

या कथेचे नैतिक सामर्थ्य निर्विवाद आहे. धनकोनेच धनकोपण सोडून द्यावे, याहून मोठी क्रांती ती कोणती? त्यातही कान्होबांचा वाटा त्यांना देऊन तुकारामांनी केवळ स्वतःच्या हक्काचाच त्याग केला, हा बारकावा त्यांच्या व्यवहारविवेकाची साक्ष देतो. तथापि चिकित्सक दृष्टीने पाहता एक गोष्ट ध्यानात येते. या प्रसंगात ऋणको कोठेही नाही. ज्यांची खते बुडाली ती कुळे कोण होती, त्यांनी काय मागितले होते, सुटका झाल्यावर त्यांनी काय केले, यांविषयी कथा मौन पाळते. विमोचन येथे धनकोच्या अंतःकरणात घडते. ऋणको केवळ कृपेचा धनी होतो, हक्काचा नव्हे. पुढील काळात राज्यसंस्थेने जाहीर केलेल्या प्रत्येक 'कर्जमाफी'मागे हीच कृपेची प्रतिमा अदृश्यपणे उभी राहिलेली दिसते.

४. जाळलेली कर्जखते

दुसरी प्रतिमा १८७५ ची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. हा उठाव अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद झालेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी वारंवार अधोरेखित केले आहे. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते हाती घेणे आणि ती जाळणे, हेच पुष्कळ ठिकाणी उठावाचे उद्दिष्ट होते.

ज्या लेखी कागदाने आपली जमीन नेली, जो कागद आपणास वाचता येत नाही आणि ज्यावर आपला अंगठा आहे, त्या कागदाविरुद्धचा हा संताप होता. येथे ऋणको कर्ता झाला, हे या प्रतिमेचे ऐतिहासिक मोल होय. परंतु जळालेल्या कागदाबरोबर हिशेबही जळतो. मूळ रक्कम किती होती, व्याज किती चढले, धान्याच्या रूपाने किती परत गेले, हे सिद्ध करण्याचे साधनही नाहीसे होते. बुडविणे आणि जाळणे या दोन्ही कृती एकमेकींच्या विरुद्ध टोकांना असल्या, तरी एका बाबतीत त्या समान आहेत. दोहोंतही कर्जाचा हिशेब कोणी वाचत नाही.

५. तपासलेली कर्जखते

या उठावानंतर नेमलेल्या आयोगाच्या अहवालाची परिणती दख्खन कृषक सहाय्य अधिनियम, १८७९ मध्ये झाली. आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी असलेला हा कायदा साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. त्यातील बाराव्या कलमाने न्यायालयावर एक विलक्षण जबाबदारी टाकली. शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीशाने कर्जखतातील आकडा अंतिम मानू नये. व्यवहार जेव्हा प्रथम सुरू झाला तेथपासूनचा सर्व इतिहास तपासावा. मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा आणि साचलेल्या व्याजाचे मुद्दलात रूपांतर करण्याची सावकारी क्लृप्ती सहसा मान्य करू नये, हे पुढील कलमाचे सूत्र होते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक वा कैद करण्यास बंदी झाली. हप्ते बांधून देण्याची तरतूद झाली. आणि विशेष म्हणजे, शेतकऱ्याच्या नादारीचे एक स्वतंत्र प्रकरण या कायद्यात होते.

'व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा' या आदेशाचा अर्थ काय होतो? न्यायालयाने ऋणकोला त्याच्या कर्जाची गोष्ट विचारावी, हाच तो अर्थ होय. बैल मेला तेव्हा किती घेतले, मुलीच्या लग्नात किती, दुष्काळाच्या साली किती, जुने खत फाडून नवे करताना आकडा कसा वाढला, हे क्रमाने सांगावे. ही सामग्री कादंबरीची आहे. कायद्याने ज्या काळात ऋणकोकडे कथन मागितले, त्याच काळात मराठी कादंबरीही घडत होती. परंतु या दोहोंची भेट झाली नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात रानड्यांच्या नोकरीतील फिरतीची चित्रे येतात. तो ग्रंथ स्त्रीशिक्षणाचा आणि दांपत्यजीवनाचा अमोल दस्तऐवज आहे, आणि त्याचा ओघ स्वाभाविकपणे त्याच दिशेने वाहतो. त्या न्यायालयांत ज्यांचे हिशेब तपासले जात होते त्या शेतकऱ्यांचा आवाज मात्र मराठी गद्याच्या वाट्याला आला नाही.

हा कायदा निर्दोष होता असे मुळीच नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याचा मार्ग धरला. वरवर विक्री, प्रत्यक्षात गहाण. या पळवाटेला आवर घालण्यासाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. गंमत अशी की, ही पळवाट आजही बुजलेली नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये अवैध सावकारीतून हडपलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास देण्यात आला आहे, तो याच कारणाने. खरेदीखताच्या मागे दडलेले कर्ज शोधून काढणे, हे १८७९ नंतरचे काम २०१४ मध्येही शिल्लक होते.

६. झाडाखालील कैफियत : 'शेतकऱ्याचा असूड'

महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) हा ग्रंथ या कायद्यानंतर अवघ्या चार वर्षांनी सिद्ध झाला. शेतकऱ्याच्या दैन्याची इतकी निर्भीड मीमांसा त्यापूर्वी मराठीत झाली नव्हती. या ग्रंथात एक प्रसंग असा आहे की, कलेक्टरच्या तंबूकडून हताश होऊन परतलेला शेतकरी झाडाखाली पडून स्वतःशीच बोलू लागतो. त्याचे हे स्वगत म्हणजे मराठी गद्यातील ऋणकोच्या वाणीचा पहिला प्रभावी आविष्कार म्हणावा लागेल.

परंतु या कैफियतीचे स्थळ पाहावे. ती तंबूत मांडली गेली नाही. तंबूबाहेर, झाडाखाली, कोणी ऐकत नसताना मांडली गेली. जोतीरावांचे निदान याच ठिकाणी अचूक आहे. कचेरी आणि शेतकरी यांच्यामध्ये कारकून, भाषा आणि अविद्या यांची भिंत आहे. कायदा पुस्तकात असून भागत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे बळ विद्येने येते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्या समाजाचा अनुभवच तसा होता. त्यामुळे साहित्याने न्यायालयीन विमोचनाकडे पाठ फिरविली, हा साहित्याचा केवळ प्रमाद म्हणता येणार नाही. त्याच्या अविश्वासाला आधार होता.

७. 'पाश' आणि 'बारोमास'

१९२५ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 'सावकारी पाश' हा मूकपट निर्माण केला. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. सावकाराच्या व्यवहारात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, हे त्याचे सूत्र. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख होतो. १९३६ मध्ये तो बोलपटाच्या रूपानेही आला. दख्खनचा कायदा त्या काळी सर्व मुंबई इलाख्यात लागू होता. परंतु शीर्षकातील 'पाश' हा शब्दच पुढील दिशा सांगतो. पाश तुटतो किंवा आवळतो; त्याचा हिशेब होत नाही. कर्जाला नियतीचे रूप या रूपकाने दिले, आणि ते रूप मराठी कल्पनाविश्वात दीर्घकाळ टिकले.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, या परंपरेला एक महत्त्वाचे वळण देते. एकनाथ हा तिचा नायक शिकलेला आहे. जोतीरावांच्या शेतकऱ्याजवळ जी विद्या नव्हती ती याच्याजवळ आहे. तरीही बेरोजगारी, नोकरीसाठी मोजावा लागणारा पैसा, त्यासाठी जमीन विकण्याचा घरातील वाद, अलकेशी असलेल्या संसारातील ताण आणि कोरडवाहू शेतीची बारमाही होरपळ यांतून त्याची सुटका नाही. विद्या आली तरी मती, नीती, गती आणि वित्त यांची साखळी जुळली नाही, हे या कादंबरीने दाखविलेले सत्य जोतीरावांच्या विचारालाच विचारलेला एक वेदनादायक प्रश्न आहे.

समीक्षेने या कादंबरीची शोकात्मता पुरेशी उलगडली आहे. प्रस्तुत लेखकास तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अर्ज लिहिता येणारा, कायदा वाचता येणारा कर्जबाजारी घरातील तरुण मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी येथे आला. तरी फेडता न येणाऱ्या कर्जातून रीतसर बाहेर पडण्याचा मार्ग कादंबरीच्या कथानकाची दिशा ठरवीत नाही. हा कादंबरीकाराचा दोष नव्हे. त्याने गाव जसे आहे तसे पाहिले. आणि गावात 'नादारीचा अर्ज' ही कल्पनाच वावरत नाही. गावाला ठाऊक आहे ते सोसायटीचे नवे-जुने करणे, म्हणजे नव्या कर्जातून जुने भरणे. आणि ठाऊक आहे ती कर्जमाफीची वाट पाहणे.

८. माफी, मुक्ती आणि नादारी

येथे तीन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'माफी' या शब्दात अपराध गृहीत आहे. म्हणूनच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'कर्जमाफी' हा शब्द नाकारून 'कर्जमुक्ती' या शब्दाचा आग्रह धरला. शेतमालाच्या भावात शेतकऱ्याला लुटले गेले असेल तर तो अपराधी कसा, हा त्यामागील युक्तिवाद होता. याच चळवळीने नादारीच्या अर्जाचा मार्गही शेतकऱ्यांपुढे मांडला. चळवळीच्या इतिहासातील हा भाग 'असूड'मधील त्या झाडाखालच्या कैफियतीला न्यायालयात नेण्याचा प्रयत्न म्हणून वाचता येतो.

राज्यसंस्थेच्या योजनांनी मात्र दोन्ही शब्द सोयीने वापरले. १९९० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची कृषिकर्जे माफ केली. २००८ च्या केंद्रीय योजनेत दोन हेक्टरची मर्यादा होती. कोरडवाहू विदर्भात त्याहून अधिक जमीन असलेला शेतकरीही कंगाल असू शकतो, ही टीका त्या वेळी झाली. २०१७ च्या राज्य योजनेत दीड लाखांची मर्यादा आणि ऑनलाइन अर्ज होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचेच नाव देण्यात आले आणि मर्यादा दोन लाखांची ठेवण्यात आली. या योजनांनी अनेकांना तात्पुरता दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या सर्वांनी विचारलेले प्रश्न एकाच जातीचे आहेत : कर्ज कोणत्या तारखेचे, कोणत्या बँकेचे, किती रकमेचे? खासगी सावकाराचे, दवाखान्याचे, लग्नाचे, हातउसने घेतलेले कर्ज त्यांच्या कक्षेबाहेर राहते. सातबारा कोरा होतो. माणूस कोरा होत नाही.

नादारीचा कायदा याच्या नेमके उलट प्रश्न विचारतो. तो कर्जाकडे नव्हे, माणसाकडे पाहतो. याच्याकडे काय आहे, याचे एकूण देणे किती, त्याच्या जगण्यासाठी काय राखून ठेवावे आणि उरलेल्यातून सर्व धनकोंना न्याय्य वाटा कसा द्यावा? यानंतर न्यायालय त्याला मुक्त करू शकते. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाची ही मूळ कल्पना होती. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत तर अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोसाठी नव्या आरंभाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले गेले : वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, पात्र कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि मालकीचे घर नसणे, अशा त्याच्या प्रमुख अटी आहेत. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींविषयीचा भाग लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. म्हणजे उद्योगपतीच्या जामीनदारासाठी दरवाजा उघडला आणि ज्याच्यासाठी नवा आरंभ लिहिला गेला तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

यावर फारसा आवाज उठला नाही. का उठला नाही, या प्रश्नाचे एक उत्तर साहित्याच्या अभ्यासकाने द्यावयास हवे. ज्या गोष्टीची प्रतिमा समाजाच्या मनात नाही, तिच्या अभावाची जाणीवही समाजाला होत नाही. कर्जमाफीसाठी मोर्चे निघतात, कारण तिची प्रतिमा जुनी आणि बळकट आहे. नादारीच्या हक्कासाठी मोर्चा निघत नाही, कारण 'नादार' हा शब्द अजून शिवीच्या जवळचा आहे. वास्तविक फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'ज्याच्यापाशी नाही तो' एवढाच आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) मराठी साहित्यातील ऋणविमोचनाच्या प्रभावी प्रतिमा कृपेच्या किंवा उद्रेकाच्या आहेत. हक्काची प्रतिमा त्यांत क्षीण आहे.

(२) १८७९ च्या कायद्याने ऋणकोच्या कथनाला न्यायालयीन स्थान देऊ केले. त्या कायद्याच्या मर्यादा मान्य करूनही, कर्जाला नियती न मानता हिशेब मानण्याची दृष्टी त्यात होती. साहित्याने ती दृष्टी आत्मसात केली नाही.

(३) साहित्याच्या या मौनामागे कचेरीविषयीचा अनुभवजन्य अविश्वास आहे, आणि 'असूड' त्याचे सर्वांत समर्थ स्पष्टीकरण देतो. मात्र कचेरीविषयीचा अविश्वास आणि हिशेबाकडे पाठ या दोन भिन्न गोष्टी आहेत. जोतीरावांनी स्वतः हिशेबाकडे कधीच पाठ फिरविली नाही.

(४) 'पाश' आणि 'गळफास' ही रूपके करुणा जागी करतात. परंतु सततच्या वापराने ती मृत्यूला कर्जाचा स्वाभाविक शेवट ठरवू लागतात. समीक्षेने या रूपकांचा केवळ गौरव न करता त्यांची तपासणीही केली पाहिजे.

ग्रामीण महाविद्यालयांत आपण जेव्हा 'बारोमास' शिकवितो, तेव्हा वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी थकबाकीची नोटीस आलेली असते. त्यांच्यापुढे केवळ शोकात्मतेचे सौंदर्य मांडणे अपुरे आहे. कादंबरीच्या जोडीला १८७९ च्या कायद्याचे बारावे कलम, २००५ च्या दुरुस्तीतील पितृऋणाविषयीची तरतूद आणि २०१४ च्या अधिनियमातील जमीन परतीची तरतूद वाचून दाखविल्यास साहित्याच्या अध्यापनाला कोणताही कमीपणा येणार नाही. उलट कर्जखत हे एक संहिता आहे, तिलाही आरंभ, विस्तार आणि निवेदक असतो, तिच्यातही काही दडविलेले असते आणि म्हणून तीही चिकित्सकपणे वाचावयाची असते, हे वाचनाचे मूलभूत शिक्षण त्यांना मिळेल. संहितेचे वाचन शिकविणे हे भाषाविभागाचेच काम आहे.